आईला किती वेळा वाकावं लागेल?

ताई, नमस्कार.

मी नोकरीसाठी बेंगळुरूला असते. आई-बाबा नाशिकला, जुन्या इमारतीतल्या टू बीएचके फ्लॅटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. आई ६८ वर्षांची, बाबा ७४. गेल्या पावसाळ्यात आईच्या मणक्याला बारीक फ्रॅक्चर झालं. हाडं ठिसूळ झालीत म्हणाले. आता दुखणं बरंच कमी आहे, पण डॉक्टरांनी पुढे वाकायला सक्त मनाई केली आहे. आई ऐकत नाही. कामाच्या मावशींचा खाडा झाला की केरसुणी हातात घेऊन कमरेतून वाकून सगळं घर झाडते.

म्हणून रोबो व्हॅक्यूम, म्हणजे जमिनीवर आपोआप फिरून केर ओढणारं यंत्र, घ्यायचं ठरवलं. बजेट वीस हजारांच्या आत. शाओमीच्या दोन मॉडेलांवर येऊन थांबले आहे : व्हॅक्यूम-मॉप २आय आणि एस१०. पहिल्याचं सक्शन, म्हणजे केर ओढण्याचा जोर, २२०० पास्कल, दुसऱ्याचं ४०००. दुसरा मला तीनेक हजारांनी महाग पडतोय. ऑफिसातले म्हणतात, पास्कल जास्त तो घे. भाऊ म्हणतो, फरशीला २२०० पुरे, पैसे वाचव. आई म्हणते, दोन्ही नकोत.

हॉलमध्ये मोझॅकची फरशी आहे, स्वयंपाकघरात पांढऱ्या टाइल्स, आणि प्रत्येक दाराला काळ्या कडप्प्याचा उंबरा. बाबांना फोनवर व्हॉट्सॲपपलीकडे काही जमत नाही. कोणता घेऊ?

– एक लेक, बेंगळुरू

नमस्कार.

तुम्ही दोघांची तुलना पास्कलवर केली आहे. मी ती दुसऱ्याच एका आकड्यावर करणार आहे : यंत्र घरात आल्यावर आईला आठवड्यातून किती वेळा वाकावं लागेल. तुमच्या घरापुरती बाकी सगळी वैशिष्ट्यं या एका प्रश्नापाशी येऊन थांबतात. केर अर्धवट निघाला तर दुसऱ्या दिवशी निघेल. पण रोबो पलंगाखाली अडकून पिकपिक करत बसला आणि त्याला ओढून काढायला आई गुडघ्यांवर बसून पुढे झुकली, तर ज्यासाठी यंत्र आणलं तेच हातचं गेलं. ठिसूळ मणक्याला पुढे झुकणं सगळ्यात वाईट, कारण भार मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो, आणि झाडताना तर आपण झुकून वर अंगाला पीळही देतो. डॉक्टरांनी मनाई केली ती याचसाठी.

आधी पास्कलचं निस्तरू, म्हणजे ऑफिसातल्या मंडळींना उत्तर देता येईल. पास्कल हे दाबाचं एकक. २२०० पास्कल म्हणजे नळीतून पाणी साधारण बावीस सेंटिमीटर वर चढवणारी ओढ, म्हणजे शहाळ्याच्या नळीतून वीतभर. ४००० पास्कल म्हणजे चाळीस सेंटिमीटर, हातभराला थोडं कमी. घरातला मोठा, पाइपवाला व्हॅक्यूम क्लीनर यांच्या कितीतरी पट जोर लावतो. म्हणजे हे दोन्ही रोबो ताकदीचे गडी नव्हेत. रोज थोडं थोडं, न कंटाळता करणं हीच त्यांची खरी कामगिरी. जाड गालिचा असेल, त्याच्या लवेत रुतलेली माती उपसायची असेल, तर ४००० चा फरक जाणवतो. गुळगुळीत फरशीवर धूळ, केस, पोळीचे तुकडे, लसणाची सालं हे सगळं २२०० मध्येही उचललं जातं. शिवाय तो मोठा आकडा सगळ्यात वरच्या वेगावरचा असतो. त्या वेगावर आवाज वाढतो, बॅटरी लवकर उतरते, आणि बाबा टीव्हीवर बातम्या ऐकत असतील तर दुसऱ्याच दिवशी तो वेग कमी करा म्हणून तुम्हाला फोन येईल.

तेव्हा सक्शनपुरतं भावाचं बरोबर आहे. तरीही मी तुम्हाला महागडा, एस१०च घ्या म्हणणार आहे. त्याचं कारण आहे त्याच्या डोक्यावरची छोटी गोल टोपी.

त्या टोपीत लेझर फिरत असतो. किरण भिंतीवर, खुर्चीच्या पायावर आपटून परत येतो, त्यावरून अंतर निघतं, आणि तो सगळ्या दिशांना फिरत असल्याने घराचा नकाशा तयार होतो. घरगुती रोबोंमध्ये ही पद्धत अमेरिकेतल्या नीटो या कंपनीने २०१० मध्ये आणली, तेव्हा ती महागड्या यंत्रांतच मिळायची. आज वीस हजारांच्या आत मिळते, ही आपल्यासारख्यांसाठी मोठी सोय झाली आहे.

२आयमध्ये लेझर नाही. त्यात आपण किती वळलो हे सांगणारा जायरोस्कोप आहे, चाकं किती फिरली हे मोजण्याची सोय आहे, आणि खालून फरशी बघणारा सेन्सर. रात्री वीज गेल्यावर आपण घरात पावलं मोजत चालतो ना, तसा तो चालतो. चार पावलं सरळ, डावीकडे वळलं की स्वयंपाकघराचं दार. घर ओळखीचं असल्याने जमतं. पण वाटेत कुणी स्टूल ठेवलं, त्याला वळसा घातला, की अंदाज थोडा चुकतो, आणि पुढचं प्रत्येक पाऊल त्या चुकीवर पडतं. रोबोचं चाक पायपुसण्यावर घसरलं की तेच होतं. रिकाम्या मोठ्या खोलीत तो शेतातल्या तासांसारखा ओळीने, एकीला लागून एक फिरतो आणि काम छान करतो. सामानाने भरलेल्या घरात मात्र कुठलातरी कोपरा राहून जातो, कधी एकाच जागी दोनदा जातो, आणि परत चार्जरवर यायला वाट शोधत बसतो. वाट सापडण्याआधी बॅटरी संपली तर कपाटाच्या बाजूला कुठेतरी गप्प पडून राहतो.

हे मी माझ्या घरातल्या अनुभवावरून सांगते आहे. चार वर्षं माझ्याकडे असाच एक बिनलेझरचा रोबो आहे, वेगळ्या कंपनीचा. यंत्र म्हणून तो वाईट नाही, आजही चालतो. पण पहिल्या महिन्यात त्याला दिवाणाखालून काढण्यासाठी मी हातात टॉर्च आणि लांब पट्टी घेऊन किती वेळा जमिनीवर आडवी झाले त्याची गणती नाही. एकदा देवघराजवळच्या फुलवाती गिळल्या. एकदा गणपतीत ओल्या दूर्वा आणि झेंडूच्या पाकळ्या ब्रशमध्ये अशा गुंडाळून घेतल्या की कात्रीने कापून काढाव्या लागल्या. माझी कंबर धड आहे म्हणून हे सगळं खपलं. तुमच्या आईला यातलं एकही वाकणं परवडणारं नाही.

लेझरवाल्याचा खरा उपयोग इथे आहे. नकाशा साठवलेला असल्याने फोनवर बोटाने चौकोन काढून ‘इथे जायचं नाही’ असं सांगता येतं. देवघरासमोरची जागा, टीव्हीखालचा वायरींचा गुंता, बाबांच्या आरामखुर्चीचे वाकडे पाय, शिलाई मशीनचं पायडल, अशा अडकण्याच्या जागा एकदा बंद करून टाकल्या की तो तिथे फिरकतच नाही. २आय नकाशा असा साठवून ठेवत नाही, त्यामुळे त्याला आवरायचं तर दर वेळी खुर्ची आडवी लावा, पाट उभा करा. ते लावायला आणि काढायला पुन्हा वाकणं आलंच.

दुसरी गोष्ट मला याहूनही महत्त्वाची वाटते. लेझरवाल्याला एकेक खोली सांगता येते. आता हे बघा : जमिनीवर फिरणारी, टाचेएवढ्या उंचीची वस्तू म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या पायात येणारी वस्तू. हाडं ठिसूळ असलेल्या बाईने त्याला अडखळून पडणं हा केरापेक्षा हजारपट मोठा धोका आहे. म्हणून रोबो आणि आई कधीही एका खोलीत नकोत. आई-बाबा स्वयंपाकघरात चहा-नाश्त्याला बसले की हॉल, ते हॉलमध्ये आले की बेडरूम. असं वेळापत्रक खोलीवार लावता येणं ही सोयीपेक्षा सुरक्षिततेची बाब आहे, आणि तीन हजार रुपये मी डोळे मिटून यासाठी देईन. वेळ सकाळचीच ठेवा. दिवेलागणीला केर काढलेला आईला चालणार नाही, हे मी तिला न भेटता सांगू शकते, आणि तिच्या घरात तिला खटकेल अशा वेळी यंत्र फिरलं तर ती ते आठवड्यात बंद करून कोपऱ्यात ठेवून देईल.

बाबांना ॲप जमत नाही याची काळजी करू नका. ॲप तुमच्या फोनवर असू द्या. बेंगळुरूहून तुम्ही रोबो सुरू करू शकता, थांबवू शकता, कुठे अडकला तेही दिसतं. तेच यंत्र भावाच्या फोनवरही जोडून ठेवता येतं. एकच पथ्य : हे रोबो २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात. घरचा राउटर दोन्ही प्रकारचे सिग्नल देत असेल तर जोडताना २.४ वालाच निवडा, नाहीतर पहिली संध्याकाळ ‘कनेक्ट होत नाही’ यातच जाईल. वाय-फाय बंद पडलं तरी यंत्राच्या डोक्यावरचं बटण चालतं. ते दाबायला मात्र वाकावं लागतं, तर बाबांच्या फिरायला जायच्या काठीचं रबरी टोक त्यासाठी उत्तम, हे आधीच शिकवून ठेवा. सगळाच भरवसा ॲपवर ठेवू नये असं माझं मत आहे. ॲप कंपनीच्या भरवशावर चालतं, आणि वर जिचं नाव घेतलं ती नीटो कंपनी २०२३ मध्ये बंद झाली. बटणावर चालणारं यंत्र कुठल्याही कंपनीच्या भवितव्यावर अवलंबून राहत नाही.

आता तुमच्या घरातली सगळ्यात मोठी अडचण : काळ्या कडप्प्याचे उंबरे. पत्रात तुम्ही ते शेवटी, सहज लिहिलेत. मी असते तर तिथूनच सुरुवात केली असती, कारण दोन्ही रोबोंचं गाडं तिथेच अडेल.

अडचण दुहेरी आहे. पहिली उंचीची. असे रोबो साधारण दोन सेंटिमीटरपर्यंतचा अडथळा चढून जातात. जुन्या इमारतीतले कडप्प्याचे उंबरे बहुतेक इंचभर असतात, म्हणजे अडीच सेंटिमीटर. तो अर्धा सेंटिमीटर फार महागात पडतो : पुढचं चाक चढतं, पोट टेकतं, आणि यंत्र मधेच लोंबकळत राहतं. दुसरी अडचण रंगाची. रोबोच्या पोटाखाली, कडेला, छोटे सेन्सर असतात. ते खाली अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश सोडतात आणि फरशीवरून तो परत येतो का ते बघतात. परत आला नाही तर पुढे जिना किंवा खड्डा आहे असं समजून यंत्र मागे फिरतं. काळा, घासून मंद झालेला दगड हा प्रकाश गिळून टाकतो. त्यामुळे उंबरा बुटका असला तरी कित्येकदा रोबो त्याला दरीच समजतो आणि आलेल्या वाटेने परत जातो. सेन्सरवर पट्टी चिकटवून हा प्रश्न सोडवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो अजिबात ऐकू नका. पट्टी लावलेल्या रोबोला बाथरूमची पायरीही दिसत नाही आणि दाराबाहेरचा जिनाही.

उपाय साधा आहे आणि गल्लीतला सुतार तो करून देईल. बेडरूम आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी प्लायवूडची उतरती फळी, दाराच्या पूर्ण रुंदीची, वीतभर लांब, वर फिकट रंगाचं खरबरीत लॅमिनेट, आणि दगडाचा वरचा काळा पट्टाही त्याच फिकट लॅमिनेटने झाकलेला. उंची आणि रंग दोन्ही एकदम मिटतात. फळी पक्की चिकटलेली असू द्या, हलती नको, आणि दाराच्या एका चौकटीपासून दुसऱ्या चौकटीपर्यंत असू द्या. अर्धवट फळीच्या कडेला बोट लागून माणूस पडतो, पूर्ण उतारामुळे उलट उंबऱ्याला ठेच लागायचीच थांबते. तुमच्या आईच्या दृष्टीने हे रोबो नसतानाही करून घ्यावं असं काम आहे. बाथरूमच्या उंबऱ्याला हात लावू नका, तो पाणी अडवतो, आणि रोबो तिथे जायलाच नको. मुख्य दाराचा उंबरा तर आहे तसाच राहणार.

उंबऱ्यांचं काही करणं शक्य नसेल, तर दोन्हींपैकी काहीच घेऊ नका. खोलीखोलीत तीन-साडेतीन किलोचं यंत्र उचलून न्यायचं आणि जमिनीवर ठेवायचं म्हणजे केरसुणीपेक्षा वाईट. मग लांब दांड्याचा झाडू आणि उभ्या दांड्याची सुपली आणा, पाचशे रुपयांच्या आसपास काम होतं, आणि पाठ सरळ ठेवून केर काढता येतो. रोबो घेतलात तरी ही जोडी आणाच. सांडलेली मोहरी, साबुदाणा, तांदूळ यावर रोबो सोडला तर त्याचा कडेचा फिरता ब्रश ते दाणे घरभर भिरकावतो.

उंचीचाही एक मुद्दा आहे, आणि तो २आयच्या बाजूने जातो. लेझरची टोपी असल्यामुळे एस१० साधारण साडेनऊ सेंटिमीटर उंच आहे, २आय आठच्या आसपास. पलंगाखाली, कपाटाखाली किती जागा आहे यावर हा दीड सेंटिमीटर घोटाळा करू शकतो. बाबांना एक काम सांगा : जाड पुठ्ठ्याचा पस्तीस सेंटिमीटर व्यासाचा गोल कापायचा, साधारण मोठ्या ताटाएवढा. त्यावर साडेनऊ सेंटिमीटर उंचीचा डबा चिकटवायचा. काठीने तो दिवाण, कपाट, सोफा, शोकेस सगळ्यांच्या खाली ढकलून बघायचा. आरामात जात असेल तर छान. अजिबात जात नसेल तरी छान, रोबोही जाणार नाही. घासून, अडकत जात असेल ती जागा लिहून ठेवायची, कारण रोबो नेमका तिथेच रुतणार. अशा जागा एक-दोन असतील तर ॲपमध्ये बंद करा, किंवा फर्निचरच्या पायांखाली लाकडी ठोकळे घाला. घरातलं सगळंच सामान त्या आठ आणि साडेनऊच्या मधलं निघालं, तर मात्र माझं उत्तर बदलेल : उतार करून घ्या आणि २आय घ्या. जुन्या घरांत दिवाण बहुधा पेटीचे, थेट जमिनीला टेकलेले असतात, म्हणून तशी वेळ येईल असं मला वाटत नाही.

पुसण्याबद्दल. दोन्ही रोबो मागे ओलं फडकं बांधून फिरतात, आणि जाहिरातीत हे फार मोठं दाखवतात. २आयची पाण्याची टाकी २७० मिलीची आहे, म्हणजे मोठा पेलाभर पाणी. त्यात अख्खं घर. मावशी बादलीभर पाण्यात फडकं चार वेळा पिळतात, डागावर जोर देतात. रोबो ते फडकं नुसतं ओढत नेतो. केर काढल्यावर राहिलेली बारीक धूळ त्याने निघते, पायाला कचकच लागत नाही. पण फोडणीचा तेलकट थर, सांडलेल्या चहाचा चिकट डाग, आमटीचे ओघळ यातलं काही निघत नाही. एस१०ही यात वेगळा नाही, त्यामुळे पुसण्याकडे बघून निवड करू नका. टाकीत फिनाईल, ब्लीच घालू नका, आतले भाग खराब होतात. बोअरचं पाणीही नको, त्यातल्या क्षारांनी बारीक भोकं बुजतात. आईकडे वॉटर प्युरिफायर असेल तर त्याचं पाणी वापरा. आणि ओलं फडकं लावून चार्जरवर रात्रभर सोडलं तर त्याला कुबट वास येतो. खरं सांगायचं तर टाकी भरायची, फडकं काढायचं, धुवायचं हे सगळं बाबांनाच करावं लागेल. त्यांना कंटाळा येणार असेल तर पुसण्याचा भाग काढूनच ठेवा, आणि पुसायला मावशी असू द्या.

मावशींना कमी करू नका, हे मी आग्रहाने सांगते. खाडे होतात ते मान्य. पण त्या येतात तेव्हा घरात तिसरं माणूस असतं, आई चार शब्द बोलते, आणि आईला काही झालं तर पहिला फोन त्याच करतील. रोबो हा त्यांच्या खाड्याच्या दिवसांसाठी आहे. त्यांना तसं सांगा, आणि यंत्राचा कचरा रिकामा करणं, ब्रशचे केस कापणं त्यांना शिकवा. आईचे केस लांब असतील तर हे काम आठवड्यातून एकदा करावंच लागतं. मोठ्या गोल ब्रशभोवती केस दोऱ्यासारखे घट्ट बसतात आणि मग ब्रश फिरेनासा होतो. यंत्र ओट्यावर किंवा टेबलावर उचलून ठेवायचं, उलटं करायचं, कात्रीने केस उभे कापायचे. उचलायचं मावशींनी किंवा बाबांनी, आईने नाही.

कचऱ्याचा डबा २आयचा मोठा आहे, ४५० मिली. एस१०चा लहान आहे, म्हणून तो रोज रिकामा करावा लागेल असं धरून चाला. इथे पारडं २आयकडे झुकतं. पण डबा वरून काढता येतो, यंत्र उचलावं लागत नाही. चार्जर जमिनीवर असल्याने थोडं वाकणं होतंच, तेवढं बाबांकडे द्या. चार्जर उंचावर ठेवायची युक्ती चालत नाही, रोबोला तिथे चढता यायला हवं. तो भिंतीला टेकून, दोन्ही बाजूंना हात-दीड हात जागा सोडून ठेवायचा, आणि वायर भिंतीला चिकटवून टाकायची. मोकळी वायर रोबो ओढतो आणि माणूसही तिच्यात अडखळतो.

खर्चाचा हिशेब मांडताना यंत्राच्या किमतीवर थांबू नका. कडेचा ब्रश आणि फिल्टर साधारण तीन ते सहा महिन्यांत बदलावा लागतो, मोठा ब्रश वर्षभरात, बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते. एस१०ची बॅटरी ३२०० मिलिअँपिअर-अवरची आहे, २आयची २६००; आकडा मोठा तितकी बॅटरीत वीज जास्त मावते. टू बीएचकेला दोन्ही पुरतात, पण बॅटरी जुनी होत जाते तसा मोठ्या बॅटरीचा फायदा दिसू लागतो. फिल्टर सगळ्यात आधी कशाने बुजतो ते सांगते : रांगोळीने. ती दगडाची भुकटी असते, आणि फिल्टरच्या घड्यांत जाऊन घट्ट बसते. उदबत्तीची राखही तशीच. रांगोळी दाराबाहेर असेल तर प्रश्न नाही, देवघरापुढे असेल तर तो चौकोन ॲपमध्ये बंद करा. समई किंवा निरांजन जमिनीवर ठेवायची पद्धत असेल तर त्या वेळात रोबो बंदच हवा. तेलाचा दिवा कलंडायला एक धक्का पुरतो.

राहिलं आईचं ‘दोन्ही नकोत’. ते हट्ट म्हणून बाजूला सारू नका. पन्नास वर्षं ज्या बाईने घर आरशासारखं ठेवलं, तिला आता तू वाकू नकोस म्हणताना तुम्ही तिच्या हातातलं तिचं काम काढून घेताय. तिला विचारा, कुठली खोली आधी झाडायची, कुठे जाऊ द्यायचं नाही, किती वाजता. नकाशावर बोटाने चौकोन तुम्ही काढा, पण कुठे काढायचा ते तिला ठरवू द्या. हे घर तिचं आहे, आणि त्या घरात केर कसा निघावा हे यापुढेही तीच सांगेल, फक्त खुर्चीत बसून.

खरेदी दिवाळीच्या सुट्टीच्या आधी करू नका. तुम्ही नाशिकला पोहोचल्यावर यंत्र घरात येईल असं बघा. परत करण्याची मुदत थोडे दिवसच असते, आणि ते दिवस तुम्ही समोर असताना जायला हवेत. सुताराचं काम त्याआधी झालेलं असू द्या, त्यासाठी बाबांना आजच उंबऱ्यांची मापं घ्यायला सांगा. ऑर्डर करण्यापूर्वी नाशिकमध्ये सर्व्हिस सेंटर कुठे आहे, आणि यंत्र घरून नेतात की बाबांना घेऊन जावं लागेल, ते फोन करून विचारा. पहिले दोन दिवस रोबो नुसता फिरू द्या, तुम्ही मागे मागे चाला, जिथे अडखळेल ती जागा वहीत लिहा आणि बंद करत जा. आई बाजूच्या खोलीत बसलेली असावी. तिसऱ्या दिवसापासून वेळापत्रकावर सोडा, आणि परत जायच्या आधी सलग दोन दिवस तो एकदाही न अडकता चार्जरवर आला का, ते बघून मगच त्याचा रिकामा खोका टाकून द्या.